पापडीला पाहायला साहेब आले

आमच्या घरात दाखवायला म्हणून सगळ्यात आधी कुणाला सजवलं असेल, तर ते पापडीला. माझा नंबर त्यानंतर लागला. पापडी ही कुणी मुलगी नव्हे हो, वावर होतं. माझ्या आत्याचं, म्हणजे जिजीचं. आजोबांनी ते तिला चोळीबांगडी म्हणून दिलं होतं. लेकीला जमीन द्यायची झाली तर आमच्याकडे असंच म्हणत, की बाई, तुझी वर्षाची चोळीबांगडी यातून निघेल. आता चोळीबांगडी निघायची तर आधी काहीतरी उगवायला नको का? त्या वावरावर उन्हाळ्यात पांढरा पापुद्रा धरायचा, चालताना पायाखाली कुरकुर वाजायचा, म्हणून अख्खं बहादरपूर त्याला पापडी म्हणायचं. ज्वारी टाका, कापूस टाका, वीतभर वर येऊन पिवळं पडायचं नि मान टाकायचं. आजोबांनी चांगली रानं मुलांना ठेवली आणि उरलंसुरलं लेकीला दिलं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण जिजीसमोर तसं बोलायची कुणाची टाप नव्हती. तिच्या मते बापाने तिला सोनं दिलं होतं, फक्त ते सोनं अजून निघायचं होतं.

जिजी माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्न होऊन गेली, नवरा वारला, आणि दागिने, ट्रंक नि हा मोठा आवाज घेऊन माहेरी परत आली. तिचा आवाज असा, की विहिरीवर मोटेवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या केळीतला माणूस ओ द्यायचा. घरात माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, दिवसाला मोजकं बोलायचे. त्यांच्या वाटणीचं बोलणं धाकट्या नामाकाकाने उचललं होतं, आणि दोघांच्या वर जिजी. पहाटे मोटेचं चाक कुईकुई करायला लागायचं, मग लांबून मिलचा भोंगा, मग जिजीचं जातं, आणि जात्यावरही ती गात नसे, भांडत असे. कुणाशी म्हणाल तर कालच्या कुणाशीही. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी नि तेलाची धार. थंडीत काड्या-काटक्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत व्हायचं तेव्हा त्या धुराच्या वासाने आम्ही पोरं शाळेतून अर्धा रस्ता पळतच यायचो. आई मात्र त्या सगळ्या गडबडीत मला धरून बसवायची आणि तोंडाला हळद-बेसन चोळायची. मी काळी. आमच्या घरात इतकी काळी मी एकटीच, आणि आईला माझ्या लग्नाची काळजी मी परकरात होते तेव्हापासून लागलेली. जिजी बघायची नि म्हणायची, “चोळ व, चोळ. बेसन संपलं तर भजे कायचे करशीन?”

ते दिवसच उलथापालथीचे होते. राज्यांची नवी आखणी झाली आणि आम्ही बुऱ्हाणपूरकडचे लोक निजलो नागपूरच्या राज्यात नि उठलो भोपाळच्या. नवा मुलूख, नवे साहेब, कचेरीतला कागद हिंदीत. मोठी माणसं ओट्यावर बसून याचं काय होईल नि त्याचं काय होईल, करत असायची. आम्हा पोरांना त्यातलं एवढंच कळलं, की आता रस्ते होणार. आणि खरंच, शाहपूरच्या अंगाने सडकेचं काम निघालं. सडकेला भराव लागतो, भरावाला माती लागते, आणि ठेकेदार माती शोधत आमच्या गावात आला. त्याने पापडी पाहिली. सडकेला लागून, पीक नाही, झाड नाही. त्याने नामाकाकाला सांगितलं, हे वावर खोदायला द्या.

नामाकाका वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याचं म्हणणं असं, की ज्यात काही होतच नाही त्याचं काहीतरी तरी होऊ दे. पण खोदून माती नेली की उरणार काय? खड्डा. पावसाळ्यात डबकं, उन्हाळ्यात बोरी-बाभळी. जिजी दोन्ही हात कमरेवर ठेवून ओसरीत उभी राहिली नि म्हणाली, “माझ्या बापानं मले वावर दिलं, खड्डा नाही दिला.” काका म्हणाला, “जिजी, ते मेलेलं आहे.” जिजी म्हणाली, “तू काय वैद्य आहेस का रे?” असं रोज. भाकरी वाढता वाढता, गोठ्यात, विहिरीवर. शेवटी दादांनी तोंड उघडलं. त्या सुमारास गावात शेतीखात्याचे एक नवे साहेब यायचे, चौबेजी नावाचे. सागरकडचा तरणा पोरगा, सायकलवर, पँटला खाली चिमटे लावलेले. ते शेतकऱ्यांना सांगत फिरायचे, की मिट्टी की जाँच कराओ. दादा म्हणाले, “माती तपासू. ते म्हणतील मेली, तर मेली. जिती म्हणाले, तर कुणी पापडीचं नाव घ्यायचं नाही.” काकाने मान डोलावली. जिजीनेही डोलावली, पण तिचा चेहरा मी पाहिला. पार उतरला होता.

चौबेजींनी माती कशी घ्यायची ते आमच्या अंगणात बसून समजावलं. वावरात इथून तिथून, बऱ्याच जागी, वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडून घ्यायची. सगळी एकत्र कालवायची, गोल पसरायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे, असं करत पसाभर उरली की सावलीत वाळवून स्वच्छ थैलीत भरायची. ती मोठ्या शहरात तपासायला जाणार. “और माताजी, जैसी है वैसी। कुछ मिलाना नहीं,” ते म्हणाले. त्या शेवटच्या वाक्याला नेमका मिलचा भोंगा झाला आणि जिजीने मान हलवून “हो हो, बरोबर” म्हटलं. तिने ते ऐकलं होतं की नाही, यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वाद चालला. मी तिच्या शेजारीच बसले होते. मी सांगते, तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका नि दादा केळीत पाणी धरायला गेले, तेव्हा जिजी नि मी टोपली-खुरपं घेऊन पापडीवर गेलो. माती तिने अगदी नेमाने काढली, इथून तिथून, वीतभर खोल. घरी आणून परातीत पसरली. आणि मग ती परातीकडे बघत बसली. राखाडी, ढेकळं-ढेकळं, कडेला पांढरं पांढरं आलेलं. दुपारचं ऊन ओसरीवर आलं तरी ती बघतच होती.

“सुमे,” ती एकदम म्हणाली, “आपण पोरीले दाखवायले बसवतो तर बिनतेलाच्या केसांनी बसवतो का व?”

“नाही,” मी म्हणाले.

“फाटक्या लुगड्यात?”

“नाही.”

“मंग हिनंच काय घोडं मारलं? जाय, पिठाची चाळणी आण.”

आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की मला अजून उचकी लागते. आधी माती चाळली, खडे वेचून फेकले. चाळल्यावर ती आणखीच फिकी दिसायला लागली. “रंग उजळ नको, सावळाच पाहिजे,” जिजी म्हणाली, आणि मला खरंच फार बरं वाटलं, कारण आमच्या घरात काळ्या रंगाची मागणी मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग मला उकिरड्याच्या तळाशी पाठवलं, जुनं, भुरभुरीत झालेलं शेणखत आणायला. ते कालवलं. मग चुलीतली राख, पण “थोडीशीच, नटवी दिसायले नको.” मग केळीच्या आळ्यातली माती. मग तुळशीवृंदावनातली. तुळशीला रोज पाणी, रोज निर्माल्य, ती माती इतकी काळी नि मऊ, की कुणीही खावी. जिजीने खाल्लीही. चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटले नि म्हणाली, “आता कशी गोड लागते, पाहाय.” मीही चाखली. कचकच लागली, पण मी गोड म्हणाले. शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा तिने शेवटी टाकला, गाजराच्या हलव्यावर बदाम टाकावेत तसा. तोपर्यंत आम्ही दोघी इतक्या हसायला लागलो होतो, की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. परातीत बघितलं, आमची तोंडं बघितली, आणि काहीही न विचारता आत गेली. आईचा हा गुण मला अजून घ्यायचा आहे.

“जिजी, हे खोटं नाही का?” मी विचारलं. मला विचारायलाच हवं होतं, मी शाळेत जात होते.

“खोटं काबरं? परक्याचं काही आहे का त्यात? शेण आपल्या गाईचं, राख आपल्या चुलीची. पोरगी दाखवताना मावशीच्या बांगड्या घालतात, त्याले कुणी खोटं म्हणतं का?”

एवढं सांगून तिने तिच्या जुन्या खणाची थैली शिवली, लाल, जरीच्या काठाची. माती भरली. तोंड बांधायच्या आधी आत बोटाने हळदीकुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या, आणि थैलीवरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. चौबेजी सायकलवर आले, थैली पाहून “अरे वाह” म्हणाले आणि ती इतर गावांच्या मळकट थैल्यांबरोबर मागे बांधून निघाले. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत जिजी दारात उभी होती. “जाय माय, नीट जाय,” असं काहीतरी ती पुटपुटत होती.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. जिजीची तेव्हा नुसती घालमेल. जेवण जाईना, भांडण सुचेना, जातं मुकाट फिरायचं. ठेकेदाराच्या गाढवांच्या घंटा सडकेवरून वाजल्या की ती कामं टाकून दाराशी जायची. आणि एका सकाळी चौबेजी सायकलवर नाहीत, तर चक्क जीपमध्ये आले! बरोबर एक थोराड, टोपीवाले मोठे साहेब. गावात जीप म्हणजे पोरांची जत्रा. चौबेजी उडी मारून उतरले, चेहरा नुसता फुललेला. “माताजी! आपकी मिट्टी ने तो कमाल कर दिया! ऐसी मिट्टी मैंने किताब में भी नहीं देखी। साहब खुद देखने आए हैं।”

ओसरीवर काका चहा पीत होता. कप तसाच हातात. “कोनसी मिट्टी? पापडी की?” त्याने विचारलं. दादा जिजीकडे बघायला लागले. जिजी डोक्यावरचा पदर नीट करत माझ्याकडे बघायला लागली. मी आकाशाकडे. आईने आतून पाण्याचा तांब्या आणि दराबा आणला. बुऱ्हाणपूरचा दराबा म्हणजे रवा, तूप नि साखर फेटून फेटून पार लोण्यासारखा केलेला. आमच्याकडे तो काहीतरी खास असल्याशिवाय होत नाही, आणि तो नेमका त्या दिवशी तयार कसा होता, हे मी आईला कधी विचारलं नाही. साहेबांनी दोनदा घेतला. मग म्हणाले, “चलिए, खेत दिखाइए।”

सगळं गाव निघालं. पुढे साहेब, मग चौबेजी नाचत नाचत, मग घरचे, मागे पोरं, त्यांच्यामागे दोन कुत्री. जिजीने वाटेत आमच्या केळीकडे वळायचा प्रयत्न केला, “हे, हे इथंच,” म्हणून. पण काका मोठ्याने म्हणाला, “जिजी, तुझं वावर तिकडे आहे ना?” आणि पुढे चालू लागला. पापडीच्या बांधावर साहेबांनी बूट ठेवला. कुरकुर. दुसरा ठेवला. कुरकुर. सगळ्या गावाच्या देखत ते बूट पापड मोडत वावराच्या मधोमध गेले. साहेब खाली बसले. घरून बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं. ते मुरलंच नाही. दुधाळ डबकं होऊन तसंच उभं राहिलं.

“चौबे,” साहेब हळूच म्हणाले, “यह क्या है?”

चौबेजींचं फुललेलं तोंड बघता बघता उतरलं. “सर, थैली तो... मैंने अपने हाथ से...”

“थैलियाँ बदल दीं तुमने? किसकी मिट्टी किसके नाम पर भेजते हो? ऐसे नौकरी करोगे?” आता आवाज हळू नव्हता. चौबेजींच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. घरापासून इतक्या लांब आलेला पोरगा, चार मैलांवरून सायकल मारत यायचा, आणि आमच्या दारात पाणी मागताना आधी “माताजी” म्हणायचा.

जिजीने एकदा पापडीकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. “त्याले काही बोलू नका, साहेब. लेकराचा काही गुन्हा नाही. ती माती मीच सजवली.”

“सजाई?” साहेबांना कळेना.

मग तिने सांगितलं. तिच्या हिंदीत सांगितलं, जी मराठीच असायची, फक्त शेवटी ‘है’ लावलेली. उकिरडा है, राख है, तुळशी है, पेंड है. “लडकी को ऐसेच दिखाते क्या, बिना तेल-पानी के? आमच्यात नही दिखाते है. मेरे बापने दिया है ये. ये लोग इसका खड्डा करनेवाले है.” एवढं बोलून तिचा तो मोठा आवाज फाटला, आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. ती आपल्या तोंडाने वावर हरली होती, आणि हे तिथे सगळ्यांना कळलं होतं.

साहेबांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मग टोपी पडली. असा माणूस हसताना मी त्याआधी पाहिला नव्हता, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत. “चावल! चौबे, वो चावल के दाने! लैबवाले पूछ रहे थे, कौन सा खनिज है!” चौबेजीही रडता रडता हसायला लागले, मग पोरं, मग सगळं गाव, आणि दादासुद्धा. दादांना हसू येतं हे मला त्या दिवशी समजलं. जिजी तेवढी उभी होती, पाठ करून.

“तर मग ठरलं,” काका डोळे पुसत म्हणाला. “मेलीच आहे.”

“क्या ठहरा?” साहेबांनी टोपी झटकली. “अभी लड़की देखी कहाँ है हमने?” आणि त्यांनी स्वतः खुरपं मागितलं. इथून तिथून, वीतभर खोल. मी थैली धरली. या वेळी साधी गोणपाटाची. माती कालवली, चार वाटे, दोन टाकले. जिजी आता वळून बघत होती. साहेब हात झाडत तिला म्हणाले, “माताजी, बीमार है। मरी नहीं है। लेकिन बीमार को सजाकर भेजोगी तो वैद्य दवा क्या देगा?”

जिजीने पदराने डोळे पुसले आणि गोणपाटाच्या थैलीचं तोंड स्वतः बांधलं.

त्या खऱ्या मातीचं उत्तर आलं ते वाईट होतं, पण त्याच्यासोबत औषध होतं. जमिनीत क्षार साचले होते, पाणी खाली जात नव्हतं. आधी उताराच्या बाजूला नाल्यापर्यंत चर खणायचा. मग जिप्सम टाकायचं. जिप्समची पोती उघडली तर आत पांढरी भुकटी, आणि जिजी ओरडली, “ही तर पावडर! आधीच पांढरी, वरतून पावडर, आणि मले म्हणतात सजवू नको!” चौबेजींनी कानाला हात लावून सांगितलं, की माताजी, ही दवेची पावडर. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडाशी ढैंचा पेरायचा, तागासारखं एक झाड. काकाने एवढंच म्हटलं, की एक पावसाळा थांबतो, त्यापुढे नाही. ठेकेदार तोवर पलीकडच्या टेकाडाला लागला.

ढैंचा आला, आणि कसा आला म्हणून सांगू! ज्या वावरात वीतभर ज्वारी टिकली नव्हती तिथे हिरवं, दाट, आधी माझ्या गुडघ्याला, मग कमरेला, मग मी आत शिरले की दिसेनाशी. जिजीला तर वेडच लागलं. सकाळी जायची, दुपारी जायची, वाटेने जाणाऱ्या अनोळखी गाडीवाल्याला थांबवून दाखवायची. “पाह्यलं का? माझं आहे.” गाडीवाला म्हणायचा, “बाई, हे काय पीक आहे?” जिजी म्हणायची, “ते नंतर कळीन, हिरवं आहे का नाही ते सांग.” एक दिवस त्यावर पिवळी फुलं आली. तिने मला आणि गावातल्या बाया-पोरींना गोळा केलं, वावराच्या बांधावर गूळ-शेंगदाणे वाटले, आणि आम्ही फुगड्या खेळलो. जिजीच्या वयाच्या बाईने विधवापणी फुगडी खेळायची नसते. तिने खेळली, आणि चिखलात पडली, आणि पडल्या पडल्या हसत राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी चौबेजी आले नि म्हणाले, फुलं आली, आता नांगर घाला. सगळं गाडायचं.

आम्हाला आधी वाटलं ते गंमत करतायत. ढैंच्याचं पीक काढायचं नसतं, तो हिरवा असतानाच मातीत मुरवायचा असतो, तेच त्याचं खत, हे त्यांनी पेरतानाच सांगितलं होतं. पण पेरताना ऐकणं वेगळं आणि आता वेगळं. जिजी बांधावर जाऊन बसली. “माझ्या वावरात जन्मात पहिल्यांदा हिरवं झालं, आणि मी ते माझ्या हातानं गाडू?” चौबेजी समजावून थकले. फुलं जून झाली की काड्या टणक होतात, कुजत नाहीत, मग काही उपयोग नाही. काकाने, चक्क काकाने, तिची समजूत घातली. “जिजी, हे न गाडलं तर पापडी पुन्हा पापडीच राहील.” ती हलली नाही.

सकाळी दादा बैल घेऊन गेले. आधी फळी फिरवून झाडं आडवी करायची, मग लोखंडी नांगर. जिजी बैलांसमोर उभी. मग ती बाजूला झाली, पण घरी गेली नाही. सरळ नांगरापाशी आली आणि दादांच्या हातातली मूठ तिने धरली.

“जिजी, बाईमाणसानं नांगराला हात लावायचा नसतो,” काका घाबरून म्हणाला. “गाव काय म्हणेल?”

“गाव माझ्या वावराले काय कमी म्हणालं? सोड. गाडायचं तर मी गाडीन. दुसऱ्याच्या हातानं नाही.”

दादांनी मूठ सोडली. बैलांच्या पुढे जाऊन कासरा धरला आणि जिभेने टकटक केलं. नांगर वाकडा गेला, उडाला, पुन्हा रुतला. पिवळी फुलं मातीखाली जायला लागली. आम्ही पोरी मागून पायांनी काड्या सरीत दाबत होतो, हिरव्या रसाचा वास डोक्यात गेलेला, कुणीतरी घसरून पडलं की सगळ्या खिदळायच्या. आणि पुढे जिजी, पदर कमरेला, रडत होती आणि बैलांना शिव्या देत होती आणि वळणावर नांगर नीट वळला की हसत होती, सगळं एकदमच. चौबेजी बूट काढून आमच्याबरोबर काड्या दाबायला उतरले. ती सकाळ मला अजून पायांच्या तळव्यांना आठवते.

थंडीत आम्ही त्यात दादर पेरली. रब्बीच्या ज्वारीला आमच्याकडे दादर म्हणतात. चमत्कार वगैरे झाला नाही, मध्येमध्ये टकलं राहिली, कणसंही बारीकच. पण होती. पुढच्या सालात आणखी ढैंचा, आणखी दादर, आणि हळूहळू पायाखालची कुरकुर बंद झाली. मातीचा नमुना जिजी दरवर्षी पाठवायची, आग्रहाने गोणपाटात, खडे-मुळ्यांसकट. तिथे आता माझा भाचा केळी लावतो. त्याला मातीचं सरकारी कार्ड मिळतं, तो मोबाइलवर फोटो पाठवतो, आणि मी त्याला दर वेळी विचारते, तुळशीतली तर नाही ना घातलीस? तो म्हणतो, आत्या, पुरे आता.

मला पाहायला बुऱ्हाणपुरातले शहरी लोक आले तेव्हा मी जरा मोठी झाले होते. आईने सकाळपासून बेसन चोळलं होतं आणि वर पावडरीचा डबा आणून ठेवला होता. हात भरून माझ्या गालांपाशी आणला, तेवढ्यात जिजीने तो डबा काढून घेतला. माझं तोंड लोट्यातल्या पाण्याने खसाखसा धुतलं, पदराने पुसलं. “एक सजवून पाठवली होती,” ती आईला म्हणाली, “काय झालं ते आख्ख्या गावानं पाह्यलं. ही अशीच बसीन.” मी तशीच बसले. त्यांनी पाहिलं, चहा घेतला, आणि दोन दिवसांनी निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण रंगाने कमी पडते.

आई चुलीपाशी बसून रडायला लागली. मीही रडणारच होते, डोळे भरून आलेच होते. तेवढ्यात आतून फटफट आवाज यायला लागला. जिजी परात मांडीत घेऊन, बाह्या वर करून, दराबा फेटत होती. “नकार आला व, जिजी,” आई म्हणाली. “हे काय करतेस?”

“आला तर आला. त्यांनी खरी पाह्यली आणि नाही म्हणाले. आता जो हो म्हणीन, तो खरीलेच म्हणीन. सुमे, तोंड उघड.”

तिने तुपाने माखलेल्या बोटांनी एवढा मोठा गोळा माझ्या तोंडात कोंबला, की मला रडता येईना. नुसतं हसू यायला लागलं.